दोन नायगांवें व एक खोटें अरण्य

पश्चिम रेल्वेची गाडी भाईंदर सोडून वसईची खाडी ओलांडूं लागली म्हणजे डाव्या हातास समुद्राकडे उघडणारें पाणी दिसतें, मध्येंच पाणजू बेट लागतें, आणि दुसरा पूल संपला कीं जें पहिलें स्टेशन येतें तें नायगांव. पश्चिमेस कोळ्यांची व ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती. पूर्वेस मिठागरें, रांगोळीच्या कलावंतांसाठीं नांवाजलेलें जूचंद्र, आणि त्यांच्यापलीकडे कामण व तुंगारेश्वर यांचे झाडीनें भरलेले डोंगर. ह्या पूर्वेकडील पट्ट्यांत, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याच्या आश्रयानें, गेल्या कांहीं वर्षांत चित्रीकरणाचे मांडव उभे राहिले आहेत. दूरचित्रवाणीवरील पौराणिक व अद्भुतरम्य मालिकांना लागणारे राजवाडे, गुहा, बाजार हे येथें लांकूड, प्लायवुड, कापड व रंग यांतून रचले जातात आणि काम संपतांच मोडले जातात. खऱ्या डोंगराच्या पायथ्याशीं खोटा डोंगर कां रचावा, ह्याचें पाहुण्याला नवल वाटतें. धंद्यांतल्या माणसाला तें वाटत नाहीं. खऱ्या रानांत दिवे नेतां येत नाहींत, आवाज स्वच्छ मिळत नाहीं, आणि ऊन कोणाची वाट पाहत नाहीं.

नायगांव नांवाची दुसरी वस्ती मुंबई शहरांत आहे. दादर व परळ यांच्या मध्यें वसलेल्या त्या नायगांवांत १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें बी. डी. डी. चाळी बांधल्या आणि रत्नागिरी, सातारा, कुलाबा ह्या जिल्ह्यांतून आलेला गिरणीकामगार तेथें दाटीनें राहूं लागला. मुंबईच्या पडद्यावरील खोट्या अरण्याचा जन्म ह्याच पहिल्या नायगांवाच्या शेजारीं, परळांत झाला. तेथून तें चेंबूरला गेलें आणि अशीं स्थळें बदलीत पुढें खाडीपलीकडच्या दुसऱ्या नायगांवापर्यंत आलें. त्या अरण्याची ही हकीगत आहे. सुशिक्षित घरांत तिचा उल्लेख सहसा होत नसे, आणि झाला तर हंसून होत असे.

ह्या अरण्याचें बीज मात्र परदेशी होतें. शिकागोच्या एडगर राइस बरोज ह्या लेखकानें १९१२ सालीं एका स्वस्त मासिकांत टारझनची पहिली कथा छापली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आईबाप गमावलेलें एका इंग्रज उमरावाचें मूल वानरांनीं वाढविलें, ही ती कथा. बरोज आफ्रिकेंत कधींच गेला नव्हता. मासिकांतल्या मूळ कथेंत त्यानें आफ्रिकेच्या रानांत चक्क वाघ सोडला होता. पुस्तक काढतांना त्याची सिंहीण करावी लागली. १९३२ सालीं मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या धनाढ्य कंपनीनें जॉनी वाइसमुलर ह्या ऑलिंपिक विजेत्या जलतरणपटूला घेऊन टारझनचा बोलपट काढला, तेव्हांहि अरण्य कॅलिफोर्नियांतलेंच होतें. आफ्रिकेचें जें खरें दर्शन त्यांत होतें तें कंपनीच्या पूर्वीच्या 'ट्रेडर हॉर्न' ह्या चित्रपटांतून उरलेल्या फितींचें. हत्ती तर हिंदुस्थानी होते, आणि त्यांना आफ्रिकन दिसण्यासाठीं मोठे खोटे कान चिकटविले होते. मुंबईच्या कारागिरांनीं पुढें कमी खर्चांत जी लबाडी केली तिचें मूळ पुष्कळ खर्चाच्या लबाडींत होतें, हें आरंभींच ध्यानांत ठेवलें पाहिजे. आणि एका बाबतींत तर मुंबई वरचढ ठरली: येथें हत्तीला कान चिकटवावे लागले नाहींत.

परळच्या 'लवजी कॅसल' ह्या वाड्यांत १९३३ सालीं 'वाडिया मुव्हीटोन' ही संस्था सुरू झाली. अठराव्या शतकांत सुरतेहून मुंबईस येऊन गलबतें बांधणाऱ्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याचा हा वाडा. संस्थेचे प्रमुख जमशेद, म्हणजे जे. बी. एच्. वाडिया, हे इंग्रजी वाङ्मयाचे एम. ए. व कायद्याचे पदवीधर. धाकटे बंधु होमी हे मात्र कॉलेजांत न रमतां कॅमेऱ्याकडे वळलेले. थोरल्या भावाचें मन डग्लस फेअरबँक्स ह्या अमेरिकन नटाच्या उड्यांत गुंतलेलें होतें. त्यांत त्यांचा एकट्याचा दोष नव्हता; १९२७-२८ सालीं रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें नेमलेल्या चौकशी समितीलाहि हिंदुस्थानांत सर्वांत लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून फेअरबँक्सचा 'थीफ ऑफ बगदाद' हाच सांपडला होता.

१९३५ सालीं ह्या बंधूंनीं 'हंटरवाली' काढला. ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं जन्मलेली, बालपणींच हिंदुस्थानांत आलेली, सर्कशींत व रंगमंचावर काम केलेली मेरी एव्हन्स ही तरुणी 'नादिया' ह्या नांवानें त्यांत चाबूक घेऊन घोड्यावर बसली. गोऱ्या, सोनेरी केसांच्या, मोडकें हिंदी बोलणाऱ्या नायिकेचा चित्रपट घ्यायला वितरक तयार होईनात, म्हणून तो निर्मात्यांनींच प्रदर्शित केला. आणि पिटांतल्या प्रेक्षकांनीं तो असा उचलून धरला कीं त्यानंतर परळच्या वाड्यांत आठवड्यागणिक कोणी ना कोणी छपरावरून उडी मारूं लागला. ह्या यशाच्या जोरावर, दोन वर्षांनीं, अरण्याकडे मोर्चा वळला.

'तुफानी टारझन' हा बोलपट १९३७ सालीं निघाला. कथा जे. बी. एच्. यांची, दिग्दर्शन होमी यांचें. नायक जॉन कावस हा व्यायामानें शरीर कमावलेला पारशी तरुण, नायिका गुलशन. चित्रपटाच्या नांवांत टारझन असला तरी कथेंत बरोजचा उमराव शोधूं गेल्यास निराशा होते. रामू नांवाचा एक शास्त्रज्ञ पत्नी उमा व तान्हें मूल यांसह अरण्यांत राहून अमरत्वाच्या रसायनाचा शोध लावतो. सिंहांच्या हल्ल्यांत तो मरतो. रसायनाचें सूत्र मुलाच्या गळ्यांतल्या ताइतांत राहतें आणि मूल रानांत वाढतें. त्याचा सांभाळ करणारा 'दादा' हा अर्धा मनुष्य व अर्धा वानर. तें काम बोमन श्रॉफ ह्या वाडियांच्या जुन्या मारधाडपटूनें केलें होतें. वर्षांमागून वर्षें जातात. शहरांतून मुलाचा आजा शोध घेत येतो. त्याच्याबरोबर त्यानें वाढविलेली लीला असते, आणि ताइतावर डोळा ठेवणारा खलपुरुषहि असतो. शहरी तरुणी व रानटी तरुण यांची भेट झाल्यावर पुढें काय होतें हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

परंतु ह्या कथेंत एक गोष्ट अशी आहे कीं जी बरोजच्या पुस्तकांत नाहीं, हॉलिवुडच्या बोलपटांत नाहीं, आणि जिच्यामुळें हा नकली माल नकली राहत नाहीं. मुलाची आई मरत नाहीं. नवऱ्याचा मृत्यु व मुलाचा वियोग यांनीं उमेला वेड लागतें, आणि ज्या रानांत मुलगा वेलींवरून झोके घेत असतो त्याच रानांत ती भ्रमिष्टासारखी भटकत असते. बरोजचा टारझन अनाथ आहे. तो पुस्तकांतलीं चित्रें पाहून आपला आपण इंग्रजी वाचायला शिकतो, आणि त्याच्या रक्तांतलें उमरावपण आपोआप वर येतें, असें लेखक मानतो. कुल हाच तेथें नायक आहे. मुंबईच्या टारझनला कुलाशीं कर्तव्य नाहीं. त्याला आई आहे, आजा आहे, 'दादा' म्हणावें असा पालक आहे. म्हणजे अरण्यांतहि त्याचें एक मोडकें कुटुंब आहे. प्रेक्षकाचा प्रश्न, हा सिंहाला मारील काय, एवढाच राहत नाहीं. ह्याला आपली आई कळेल काय, हा प्रश्न त्याहून मोठा होऊन बसतो.

हा बदल जाणूनबुजून केला कीं कथाकाराच्या हातून सहज झाला, ह्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. तो कोणापुढें केला गेला हें पाहणें अधिक उपयोगाचें. परळ, लालबाग, नायगांव येथील गिरणीकामगारांपैकीं पुष्कळांच्या आया व बायका गांवीं राहत; एका खोलींत दहा-पंधरा पुरुष आळीपाळीनें झोंपत; शिमग्याला वा गणपतीला गांवीं जाणें झालें तर झालें. सह्याद्रीच्या कुशींतल्या खऱ्या रानाशेजारीं वाढलेला हा माणूस, चार आणे देऊन, लवजी कॅसलांत उभारलेलें खोटें रान पाहायला बसे. त्यांत त्याला आई हरवलेला मुलगा दिसे. सुशिक्षित टीकाकाराला तेवढ्याच वेळांत झाडाच्या खोडावरची रंगाची रेघ दिसे. दोघांनींहि खरेंच पाहिलें, असें म्हणावें लागेल.

खोडावरची रेघ होतीच. स्वस्त जंगलपटाची घडण सर्वत्र सारखी असते. सिंह एका तुकड्यांत दिसतो, माणूस दुसऱ्या तुकड्यांत. दोघे एका चौकटींत आलेच तर सिंह म्हातारा तरी असतो, नाहीं तर कातड्यांतला मनुष्य असतो. वेल म्हणजे रंगविलेला दोर. दरी म्हणजे दोन फळ्यांमधील अंतर, कॅमेरा खालीं ठेवून खोल केलेलें. धबधबा एकच, पण तो तीन बाजूंनीं घेतला म्हणजे तीन होतात. ह्या युक्त्यांत मुंबईंत पुढें जे नांवारूपाला आले ते बाबूभाई मिस्त्री. १९३७ सालच्याच 'ख्वाब की दुनिया' ह्या चित्रपटांत काळ्या पडद्यापुढें काळ्या दोऱ्यांनीं वस्तु हलवून त्यांनीं अदृश्य माणूस उभा केला, आणि त्यावरून लोक त्यांना 'काला धागा' म्हणूं लागले. दिव्य विमानें व उडते गालिचे दाखवून त्यांनीं पुढें होमी वाडियांच्या चित्रपटांनाहि हात दिला.

महाराष्ट्रांतील प्रेक्षकाला हें सर्व अगदींच नवें होतें असेंहि नाहीं. विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० च्या सुमारास आपली सर्कस काढल्यापासून सांगली, मिरज, तासगांव ह्या भागांतून एकामागून एक मराठी सर्कशी निघाल्या. वाघाच्या जबड्यांत मान घालणारा माणूस तंबूंत पाहून ज्यांचे वडील थरारले होते त्यांचींच मुलें आतां पडद्यापुढें बसलीं होतीं. आणि वानराची गोष्ट म्हणाल तर ती त्याहून जुनी. दादासाहेब फाळके यांनीं १९१७ सालीं 'लंकादहन' हा मूकपट काढला, त्यांत अण्णा साळुंके यांनीं राम व सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या, आणि गणपत शिंदे यांचा हनुमान पेटतें शेंपूट घेऊन लंकेवर उडाला. हनुमंताच्या उड्डाणावर हात जोडणाऱ्या समाजाला अर्धा मनुष्य व अर्धा वानर असा एकनिष्ठ 'दादा' समजावून सांगावा लागला नाहीं. शिकागोच्या कथेला किष्किंधेची वाट येथें आयती मिळाली.

हंसें मात्र होतच असे, आणि तें निर्मात्यांना हवेंहि असे. अशा चित्रपटांत एखादा भित्रा शहरी नोकर, एखादें खोडकर माकड, झाडावरून पडणारा लठ्ठ मनुष्य हीं पात्रें ठरलेलीं असत. पैसा कमी असला म्हणजे विनोद हा मोठाच आधार ठरतो. कातड्यांतला सिंह भीतिदायक वाटला नाहीं तर तो हास्यकारक तरी वाटावा, अशी सोय करून ठेवलेली बरी. पण ह्या हंसण्यांत एक वाईट गोष्ट लपलेली होती. रानांत राहणारा मनुष्य म्हणजे चेहऱ्याला रंग फांसून भाला नाचविणारा, न कळणारी भाषा बडबडणारा, माणसें खाणारा रानटी, ही कल्पना ह्या जातीच्या चित्रपटांनीं हॉलिवुडकडून जशीच्या तशी उचलली. नायकाला आई देणाऱ्यांना त्याच्या भोंवतालच्या माणसांना माणूसपण द्यावें असें सुचलें नाहीं.

ह्या दोषाचें गांभीर्य समजण्यास आफ्रिकेपर्यंत जाण्याचें कारण नव्हतें. त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत, वसईपासून उंबरगांवापर्यंत, वारली, कातकरी, कोळी महादेव, दुबळे अशा जमाती राहत होत्या. जमिनी सावकारांकडे गेलेल्या, वेठ नशिबीं आलेली, लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं पिढ्यान् पिढ्या राबणारी अशी ती माणसें. मुंबईच्या चित्रगृहांत खोट्या रानटी टोळीवर हंसें पिकत होतें त्याच काळांत, १९४५ च्या मे महिन्यांत, तलासरीजवळ झरी येथें हजारों वारली जमले आणि किसान सभेच्या गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं वेठबिगार नाकारली. ऑक्टोबरांत तलवाडा येथें पोलिसांनीं गोळी चालविली. पांच आदिवासी ठार झाले, त्यांत जेठ्या गांगड हा होता. रानांतल्या मनुष्याची भाषा कळत नाहीं हा पडद्यावरचा विनोद होता. तलवाड्यास त्यानें जें म्हटलें तें सर्वांना कळलें होतें.

सुशिक्षितांची नाराजी मात्र ह्या कारणासाठीं नव्हती. ती अभिरुचीसाठीं होती. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही कीं, ती नाराजी खुद्द जे. बी. एच्. वाडियांच्या मनांतहि होती. ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी; सामाजिक, राजकीय, कलात्मक चित्रपट काढण्याची त्यांना ओढ. 'तुफानी टारझन' निघाला त्याच १९३७ सालीं त्यांच्या संस्थेनें 'नौजवान' हा एकहि गाणें नसलेला बोलपट काढून पाहिला. १९४१ सालीं साधना बोस यांना घेऊन 'राजनर्तकी' हा खर्चिक नृत्यपट त्यांनीं काढला; त्याची इंग्रजी आवृत्तीहि केली. कुस्त्या, घोडे व माकडें यांनीं मिळविलेला पैसा अशा रीतीनें नृत्याकडे वळला. होमींना हें मानवलें नाहीं. १९४२ सालीं नादियाला घेऊन त्यांनीं 'जंगल प्रिन्सेस' दिग्दर्शित केला, आणि त्याच सुमारास दोघे भाऊ धंद्यांत वेगळे झाले. होमींनीं 'बसंत पिक्चर्स' ही स्वतःची संस्था काढली. लवजी कॅसलचें आवार व्ही. शांताराम यांच्याकडे गेलें आणि तेथें 'राजकमल कलामंदिर' उभें राहिलें.

येथें थोडें थांबण्यासारखें आहे. राजकमलचा पहिला चित्रपट 'शकुंतला' १९४३ सालीं पडद्यावर आला आणि मुंबईंत १०४ आठवडे चालला. त्यांतहि अरण्य होतें, कण्वमुनींच्या आश्रमाचें. हरिणें होतीं, वेली होत्या, आणि अरण्यांत वाढलेल्या निष्पाप जिवाची शहरी राजाशीं गांठ पडत होती. सिंहशावकाशीं खेळणारा आणि बापाला न ओळखणारा मुलगाहि त्या कथेंत पूर्वापार आहेच. त्याला ओळख पटते ती एका रक्षासूत्रावरून, म्हणजे ताइतावरूनच. ज्या आवारांत टारझनचें अरण्य मोडलें त्याच आवारांत कण्वाचें अरण्य रचलें गेलें. पहिल्याला सुशिक्षितांनीं नाकें मुरडलीं, दुसरें सहकुटुंब पाहिलें. शांतारामांच्या कलेचें मोल कमी करण्याचा येथें हेतु नाहीं; परंतु कालिदासाच्या अंगणांतून व गिरणीच्या फाटकांतून एकच गोष्ट दोन वेषांत आंत येत होती, हें त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आलेलें दिसत नाहीं.

आतां जरा इटलीकडे वळलें पाहिजे. कारण स्वस्त जंगलपटाचें दुसरें मोठें माहेर तें. युद्धानें खंक झालेल्या त्या देशांत तोतो ह्या नांवानें प्रसिद्ध असलेला नेपल्सचा विनोदी नट अँतोनिओ दे कुर्तिस हा प्रेक्षकांचा लाडका होता. १९५० सालीं मारिओ मात्तोली ह्या दिग्दर्शकानें त्याला घेऊन 'तोतोतारझान' काढला. लांब हनुवटीचा, किडकिडा, पन्नाशीला टेकलेला मनुष्य कातडें नेसून झाडावर बसलेला दिसला कीं पुढें विनोद करण्याची गरजच उरत नाहीं. कथेंत तोतो हा वानरांत वाढलेला एका मोठ्या संपत्तीचा वारस; लोभी मंडळी त्याला शोधून शहरांत आणतात, आणि अरण्यांतल्या जनावरांहून शहरांतलीं माणसें अधिक हिंस्र निघतात. परळच्या ताइताच्या जागीं येथें मृत्युपत्र आहे, एवढाच भेद. अरण्याला पैसा पुरत नसला म्हणजे रानटी माणसाला शहरांत आणावा, ही युक्ति दोन्हीं देशांना एकमेकांकडे न पाहतां सुचली. शहराचा देखावा फुकट मिळतो.

कारण मुंबईंतहि पुढें तेंच घडलें. होमी वाडियांनीं १९४७ सालीं चेंबूरला 'बसंत स्टुडिओ' उभारला होता. १९५६ च्या 'हातिमताई'नें हात दिल्यावर १९५८ सालीं त्यांनीं 'झिंबो' हा जंगलपट काढला. नायक आझाद, संगीत चित्रगुप्त यांचें. टारझन हें नांव ह्या वेळीं वगळलें होतें, पण झिंबो कोण हें कोणाला विचारावें लागलें नाहीं. १९६० सालीं त्याचा दुसरा भाग आला, त्यांत झिंबो शहरांत आला. १९६६ सालीं तिसरा भाग आला, त्यांत झिंबोला मुलगा झाला. दुसऱ्या भागाचा दिग्दर्शक होता जॉन कावस. तेवीस वर्षांपूर्वीं जो स्वतः दोराला लोंबकळला होता तोच आतां खालीं उभा राहून दुसऱ्याला लोंबकळायला सांगत होता. १९६५ सालीं दारासिंगचा टारझन थेट दिल्लीला जाऊन पोंचला.

इटलींत १९७२ सालीं असाच प्रकार झाला. टारझनचे हक्क टाळण्यासाठीं नांवांत एखाददुसरें अक्षर बदलून तेथें एकाच वर्षांत 'कारझान' व 'झांबो' असे दोन वीर रानांत शिरले. 'कारझान'चा दिग्दर्शक देमोफिलो फिदानी हा अत्यल्प खर्चांत चित्रपट उरकण्याविषयीं इतका ख्यात होता कीं, पुढील काळांत त्याच्या चित्रपटांतील चुका शोधणें हाच रसिकांचा एक छंद झाला. मुंबईचा झिंबो, रोमचा झांबो! दोघांमध्यें चौदा वर्षें व एक समुद्र; तरी नांव पुकारल्यास दोघांनींहि मागें वळून पाहावें. परंतु इटलींतल्या ह्या वीरांचे चित्रपट तेथील हौशी लोकांनीं शोधले, त्यांच्यावर पुस्तकें लिहिलीं, प्रती जपल्या. येथें तसें झालें काय?

फारसें झालें नाहीं. हिंदुस्थानांत हजाराहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांपैकीं थोडे डझन आज उरले आहेत. बोलपटांच्या पहिल्या वीस वर्षांची स्थिति त्याहून बरी असली तरी समाधानाची नाहीं. जुन्या फिती नायट्रेटच्या असत, सहज पेट घेत. आणि ज्या जळल्या नाहींत त्या पुष्कळदां त्यांतल्या चांदीसाठीं विकल्या गेल्या. पुण्यास सरकारी चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें, पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून डबे गोळा केले. परंतु जपण्याची पाळी आली कीं आधीं संतपट, सामाजिक चित्रपट, नामांकित दिग्दर्शकांची कृति यांचा विचार होई, आणि तो योग्यहि होता. जंगलपट रांगेच्या शेवटीं राहिला. ज्या प्रेक्षकानें तो उचलून धरला त्याच्या घरीं मासिकें येत नव्हतीं, त्यानें परीक्षणें लिहिलीं नाहींत, आणि खोलींत पत्र्याची पेटी ठेवायला जागा नव्हती तेथें चित्रपटाचा डबा कोठून ठेवणार?

वाडियांचे कांहीं चित्रपट वांचले ते मुख्यतः घराण्याच्या काळजीमुळें. जे. बी. एच्. १९८६ सालीं वारले. त्यांचे नातू रियाद विंची वाडिया यांनीं १९९३ सालीं नादियाच्या जीवनावर एक माहितीपट तयार केला, आणि परदेशांतील महोत्सवांत तो दाखविला गेल्यावर इकडच्या वर्तमानपत्रांना एकाएकीं आठवण झाली कीं अशी एक बाई आपल्याच शहरांत राहते. १९६१ सालीं होमींशीं विवाहबद्ध झालेली नादिया त्या वेळीं पंचाऐशीच्या घरांत होती. १९९६ च्या जानेवारींत तिचें निधन झालें. होमी २००४ सालीं गेले. विदेशी विद्वानांनीं 'तुफानी टारझन'वर निबंध लिहिले, तेव्हां कुठें तो विद्यापीठांत विचार करण्याजोगा विषय ठरला.

नायगांवच्या पूर्वेस मात्र अरण्य रचण्याचें काम चालू आहे. त्यांत खिळे ठोकणारे, खोडावर रेघ ओढणारे, कापडाच्या पानांना हिरवा रंग देणारे कारागीर कोण, ह्याची नोंद परळांतहि झाली नव्हती व येथेंहि होत नाहीं. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यांत मोडतो. तुंगारेश्वराचें रान अभयारण्य झालें आहे, आणि खाडीच्या दक्षिणेस बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान आहे. २०२४ च्या मार्चमध्यें ह्या रानांच्या बाजूनें म्हणा कीं आणखी कोठून, एक बिबट्या वसईच्या किल्ल्यांत येऊन राहिला. कित्येक चित्रपटांचें चित्रीकरण ज्या तटबंदींत झालें आहे तेथेंच तो कांहीं आठवडे रात्रीं फिरत होता. किल्ल्यांत सायंकाळनंतर जाण्यास लोकांना मनाई झाली. वनखात्यानें पिंजरे लावले, झाडांना कॅमेरे बांधले. कॅमेऱ्यांत तो कधीं दिसला, कधीं दिसला नाहीं. एप्रिलच्या अखेरीस तो पिंजऱ्यांत सांपडला, आणि त्याला दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यांत आलें.